सदतीस शब्दांची आघाडी

२१ ऑक्टोबर २०२२. वसुबारसेचा दिवस. दिवाळीसाठी कोल्हापूरहून नेरुळला धाकट्या भावाकडे आले होते. चकलीची भाजणी भावजयीच्या गळ्यात टाकली आणि संध्याकाळी एकटीच डी. वाय. पाटील स्टेडियमवर जाऊन बसले. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना होता, अमेरिका विरुद्ध नायजेरिया. दहा दिवसांपूर्वी याच अमेरिकी मुलींनी भुवनेश्वरला आपल्या मुलींवर आठ गोल केले होते, तेव्हा निकाल ठरल्यासारखाच आहे असं मी धरून चालले होते. सामना १-१ असा बरोबरीत सुटला, टायब्रेकर झाला आणि अमेरिका हरली. नायजेरियाच्या मुली मैदानभर नाचत होत्या. अमेरिकेच्या मुली मधल्या वर्तुळाजवळ गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या.

नऊ दिवसांनी त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. एका स्वयंगोलावर कोलंबियाला १-० असं हरवून स्पेनच्या मुलींनी चषक नेला. घरी परतताना लोकलमध्ये माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. अमेरिकेच्या बायका तोवर चार वेळा जगज्जेत्या झाल्या होत्या. २०१५ आणि २०१९ असे लागोपाठचे दोन चषक त्यांच्याच घरात होते. मग त्यांच्या मुलींना हा चषक एकदाही का मिळू नये? २००८ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा अमेरिका अंतिम फेरीत उत्तर कोरियाकडून हरली. त्यानंतर २०१० आणि २०१४ साली तिला स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही, तर २०१२, २०१६ आणि २०१८ साली गटातच गाशा गुंडाळावा लागला. नेरुळची उपांत्यपूर्व फेरी ही २००८ नंतरची तिची सर्वांत चांगली कामगिरी होती!

मी पस्तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न मला निव्वळ बातमीसारखा वाटला नाही. गेली तीन वर्षं जमेल तसं वाचत गेले, मुलीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा जमेल तेवढं डोळ्यांनी पाहिलं. हा लेख त्यातूनच झाला आहे.

सुरुवात अमेरिकेपासून नव्हे, बंदीपासून करायला हवी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळा कारखान्यांत कामाला गेलेल्या बायका जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टनच्या ‘डिक, कर’ कारखान्याच्या बायकांचा संघ त्यातला सर्वांत नावाजलेला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला त्रेपन्न हजार माणसं आली होती. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला, की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही आणि सभासद क्लबांनी त्यांना आपली मैदानं देऊ नयेत. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलने १९४१ साली सरकारी हुकूम काढून स्त्रियांचा फुटबॉल बंद केला, तो १९७९पर्यंत. पश्चिम जर्मनीच्या महासंघाची बंदी १९५५ ते १९७०. ती उठल्यावरही आदर किती, तर १९८९ साली जर्मन बायका युरोपच्या विजेत्या झाल्या तेव्हा महासंघाने प्रत्येकीला बक्षीस म्हणून कपबशांचा संच दिला. आपल्याकडे हळदीकुंकवाला वाण लुटतात, त्याची आठवण झाली मला.

थोडक्यात, ज्या देशांत फुटबॉल हा पुरुषांचा प्राण होता तिथेच बायकांना दार बंद होतं. अमेरिकेत तसं दार बंद करण्याची कुणाला गरजच पडली नाही, कारण तिथे या खेळाला कुणी मोजत नव्हतं. ‘फुटबॉल’ म्हणजे तिथे शिरस्त्राण घालून हातात चेंडू घेऊन पळण्याचा खेळ. आपला फुटबॉल म्हणजे सॉकर, तो बाहेरून आलेल्या लोकांचा.

२३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका कायद्यावर सही केली. त्याचा नववा भाग ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखला जातो. मूळ इंग्रजी वाक्य सदतीस शब्दांचं आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून कुणाला वगळायचं नाही, एवढाच त्याचा आशय. त्यात खेळाचा उल्लेखही नाही. एडिथ ग्रीन, पॅट्सी मिंक आणि बर्च बाय यांनी हा मजकूर रेटला, तेव्हा त्यांच्यासमोर प्रामुख्याने विद्यापीठांतले प्रवेश आणि प्राध्यापकांच्या नेमणुका होत्या. पण खेळ हाही शैक्षणिक उपक्रमच आहे हे लक्षात आल्यावर कॉलेजांचे धाबे दणाणले. १९७५ साली नियम आले, १९७९ साली त्यांचं स्पष्टीकरण आलं. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने खेळाला त्यातून जवळपास बाहेर काढलं, तेव्हा १९८८ साली नवा कायदा करून संसदेने ती फट बुजवली.

यात सॉकरचा फायदा झाला तो निव्वळ हिशेबापोटी. अमेरिकी फुटबॉलच्या एका संघात शंभराच्या आसपास मुलं असतात. मुलींच्या बाजूने तेवढी संख्या भरून काढायची, तर जास्त खेळाडू लागणारा आणि कमी खर्चाचा खेळ हवा. सॉकरला लागतो चेंडू, दोन गोलखांब आणि गवत. आणि संघात पंचवीस मुली सहज मावतात. तेव्हा कॉलेजांनी सॉकर सुरू केला, शिष्यवृत्त्या ठेवल्या, आणि शिष्यवृत्ती आहे म्हटल्यावर शाळांत संघ झाले. १९७१-७२ साली साऱ्या अमेरिकेत शाळेच्या संघांतून सॉकर खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे सातशे. आज तो आकडा पावणेचार लाखांच्या आसपास आहे. सातशेवरून पावणेचार लाख! खेळावर प्रेम आहे म्हणून हे घडलं असं नाही. वह्यांमध्ये आकडे जुळवायचे होते म्हणून घडलं. शाळेत नोकरी केलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

कॉलेजच्या मुलींची आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा एनसीएएने १९८२ साली घेतली. ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जिंकली, आणि मग जिंकतच राहिलं. त्यांचे प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स यांच्या हाताखाली या विद्यापीठाने तब्बल एकवीस एनसीएए अजिंक्यपदं मिळवली. सरावातली प्रत्येक गोष्ट ते मोजायचे: कोण किती वेळा चेंडू हिसकावते, कोण धावण्यात कितवी येते. यादी भिंतीवर लागायची. मुलींमध्ये चुरस लावायची नसते, सांभाळून घ्यायचं असतं, अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी हे केलं. १९८६ साली राष्ट्रीय संघही त्यांच्याकडे आला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या बायकांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना इटलीत येझोलो इथे झाला होता. त्या वेळी पुरुष संघाचे ढगळ कपडे खेळाडूंनी रात्री जागून कापून-शिवून बेताचे केले होते. १९८७ साली डोरन्स यांनी मिया हॅम नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला राष्ट्रीय संघात खेळवलं. १९९१ साली चीनमध्ये पहिला विश्वचषक झाला. बायकांना नव्वद मिनिटं झेपणार नाहीत म्हणून सामने ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. अमेरिकेने नॉर्वेला २-१ असं हरवलं, दोन्ही गोल मिशेल एकर्सचे. संघातल्या जवळपास निम्म्या मुली नॉर्थ कॅरोलायनाच्या होत्या.

पुढची कहाणी वाचकांना ठाऊक असेल. १९९९ साली पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर नव्वद हजारांवर प्रेक्षकांसमोर चीनशी टायब्रेकर, ब्रँडी चॅस्टेनची किक, जगभर गेलेला तो फोटो. मी तो फोटो कात्रण करून शाळेच्या फलकावर लावला होता. दोन दिवसांत कुणीतरी काढून टाकला. ते असो.

माझ्या मते, त्या आघाडीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि त्या वेगळ्या करून कुणी पाहिल्या नाहीत. एक, अमेरिकेत लाखो मुली खेळत होत्या. दोन, बाकीच्या जगात मुलींना खेळूच दिलं जात नव्हतं. दुसरी गोष्ट संपली की पहिलीचं खरं वजन किती, हे कळणार होतं.

२०२३च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला गेले तेव्हा नात अकरा वर्षांची होती आणि तिथल्या एका क्लबकडून खेळत होती. आठवड्यातून तीन दिवस सराव, शनिवार-रविवार सामने. पहिल्याच शनिवारी आम्ही दोन तास गाडीने गेलो, पन्नास मिनिटांचा सामना झाला, दोन तास परत आलो. वाटेत मी फी विचारली. वर्षाला तीन हजार डॉलरच्या वर, शिवाय गणवेश, पेट्रोल, हॉटेलं वेगळी. मी रुपयांत गुणाकार करू लागले तशी मुलगी हसली. “आई, हे पैसे आम्ही फुटबॉलसाठी भरत नाही. कॉलेजसाठी भरतोय.”

त्या एका वाक्यात सगळी व्यवस्था आली. मैदानाकडेला घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येक आई-बापाच्या डोळ्यांसमोर कॉलेजची शिष्यवृत्ती होती. प्रत्यक्षात पहिल्या श्रेणीच्या कॉलेजकडे मुलींच्या सॉकरसाठी २०२४-२५पर्यंत चौदाच पूर्ण शिष्यवृत्त्या असत, आणि त्या अठ्ठावीस-तीस जणींत वाटल्या जात. पण आशेला कोण अडवणार? क्लब टिकतो तो पालकांच्या फीवर, आणि पालक टिकतात संघ जिंकला तर. म्हणून अकरा वर्षांच्या मुलींना काय शिकवलं जात होतं? चेंडू मिळाला की लांब मारा आणि सर्वांत वेगवान मुलीने त्याच्यामागे धावा. अशाने या शनिवारी सामना जिंकता येतो. चेंडू पायाखाली ठेवून, मान वर करून, तीन जणींतून वाट काढायला शिकवायचं तर पुढचे वर्षभर सामने हरावे लागतात, आणि तेवढ्यात निम्मे पालक दुसऱ्या क्लबात जातात. शिवाय ज्यांच्याकडे तीन हजार डॉलर नाहीत त्यांच्या मुली त्या गवतावर दिसतच नाहीत. नातीच्या संघातल्या घरांमध्ये डॉक्टर, इंजिनियर, वकील होते. बस चालवणाऱ्याची मुलगी मला एकही भेटली नाही.

अमेरिकी महासंघाला हे दिसत नव्हतं असं नाही. २०१७ साली त्याने मुलींसाठी ‘डेव्हलपमेंट अकादमी’ काढली: सामने कमी, सराव जास्त. पण अट अशी, की तिथल्या मुलीने शाळेच्या संघातून खेळायचं नाही. ज्या देशात मुलींचा खेळ शाळेतूनच वर आला तिथे ही अट पचली नाही. ईसीएनएल ही क्लबांची स्वतःची लीग २००९पासून चालू होतीच. बरेच मोठे क्लब तिकडे परतले, आणि एप्रिल २०२०मध्ये कोविडच्या धामधुमीत महासंघाने अकादमी गुंडाळली. तीन वर्षांत मूल चालायला-बोलायला लागतं, फुटबॉलपटू होत नाही.

कॉलेजचं गणितही बदललं होतं. तिथला हंगाम ऑगस्टपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, वीसेक सामने कसेबसे चार महिन्यांत कोंबलेले. बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, त्यामुळे दमछाकीचा खेळ चालून जातो. १९९१ साली अठरा ते बावीस या वयात रोज मैदानावर असलेल्या मुली जगात दुसरीकडे फारशा नव्हत्याच, म्हणून हे चार महिनेही भरपूर ठरत. आता बार्सिलोनाची तेरा वर्षांची मुलगी बारा महिने खेळते.

६ ऑगस्ट २०२३च्या पहाटे पाचला नात आणि मी उठलो. मेलबर्नला अमेरिका-स्वीडन सामना होता. १२० मिनिटांत गोल नाही. टायब्रेकरमध्ये लीना हुर्टिगची किक अमेरिकेच्या गोलरक्षकाने अडवली असं सर्वांना वाटलं, पण यंत्राने दाखवलं की चेंडू पुरता आत गेला होता, अगदी मिलिमीटरच्या फरकाने. अमेरिका शेवटच्या सोळांतच बाद. विश्वचषकात पहिल्या तिघांबाहेर ती याआधी कधी गेली नव्हती. नात रडली नाही. म्हणाली, “आजी, स्पेन बघ. त्या चेंडू देतच नाहीत.”

दोन आठवड्यांनी सिडनीत स्पेनने इंग्लंडला १-० हरवून चषक जिंकला. गोल ओल्गा कार्मोनाचा. त्या क्षणी सतरा, वीस आणि खुला, तिन्ही गटांतले जगज्जेते एकाच वेळी स्पेन होते. साल्मा पारायुएलो ही मुलगी २०१८ साली सतरा वर्षांखालील, २०२२ साली वीस वर्षांखालील आणि २०२३ साली मोठ्यांच्या विजेत्या संघात होती. आणि हाच स्पेन २०१५ साली पहिल्यांदा विश्वचषकात उतरला तेव्हा एकही सामना न जिंकता गटात तळाला राहिला होता. तिथल्या महासंघाने बायकांच्या फुटबॉलला मान्यता दिली तीच १९८० साली. म्हणजे उशिरा निघूनही आठ वर्षांत हे अंतर कापलं गेलं. कारण चेंडू कसा खेळायचा याचं शहाणपण देशात पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं होतं. क्लबांनी ते मुलींना द्यायला सुरुवात केली एवढंच. आयताना बोनमाती गावच्या मुलग्यांच्या संघात वाढली, तेराव्या वर्षी बार्सिलोनात गेली, आणि २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षं बॅलन डी’ऑर तिचा होता.

मात्र स्पेनची आरती ओवाळायला मी तयार नाही. तिथल्या मुली जिंकल्या त्या महासंघामुळे की महासंघाला न जुमानता, हा प्रश्नच आहे. सत्तावीस वर्षं एकच प्रशिक्षक होता, तो २०१५ साली खेळाडूंनी बंड केल्यावर गेला. २०२२ साली पंधरा जणींनी महासंघाला लिहून कळवलं, की या वातावरणात आम्ही खेळणार नाही. आणि विजयाच्या व्यासपीठावर महासंघाच्या अध्यक्षाने खेळाडूचं जबरदस्तीने चुंबन घेतलं. त्याबद्दल २०२५ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवून दंड केला.

लहान गटातलं यश म्हणजे मोठ्या गटातलं यश, असं समीकरणही मांडता येत नाही. उत्तर कोरियाने सतरा वर्षांखालील चषक २००८, २०१६ आणि २०२४ साली जिंकला, वीस वर्षांखालील २००६, २०१६ आणि २०२४ साली. मोठ्यांच्या विश्वचषकात तो देश उपांत्यपूर्व फेरीपुढे कधी गेलेला नाही. उलट अमेरिकेच्या मुली गटात हरत होत्या त्याच वर्षांत त्यांच्या थोरल्या बहिणी जगज्जेत्या होत्या. हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मी त्याचा अर्थ असा लावते: २०१५ आणि २०१९च्या विजेत्या मुली ज्या काळात वाढल्या, त्या काळात युरोपातल्या बहुतेक मुलींना अठराव्या वर्षानंतर खेळून पोट भरायची सोय नव्हती. सोळाव्या वर्षी पुढे असलेली युरोपी मुलगी पंचविशीत कार्यालयात जात होती. आता ती मैदानावरच असते.

अमेरिकेनेही हे ओळखलेलं दिसतं. लिंडसी होरानने २०१२ साली नॉर्थ कॅरोलायनाची शिष्यवृत्ती नाकारून पॅरिसच्या क्लबाची वाट धरली तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. २०२१ साली पंधरा वर्षांच्या ऑलिव्हिया मोल्ट्रीने अठराची वयोमर्यादा घालणाऱ्या व्यावसायिक लीगला कोर्टात खेचलं, आणि तिला खेळायला मिळालं. २०२४ साली त्या लीगने कॉलेजमधून खेळाडू वाटून घेण्याची ड्राफ्टची पद्धतच बंद केली. त्याच वर्षी पॅरिसला एमा हेज यांच्या संघाने ब्राझीलला १-० हरवून ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. गोल मॅलरी स्वॉन्सनचा, जी कॉलेजचा एकही अधिकृत सामना न खेळता व्यावसायिक झाली होती. त्या संघातली ट्रिनिटी रॉडमनही तशीच. म्हणजे कॉलेजने उभा केलेला खेळ आता कॉलेजला वळसा घालून पुढे निघाला आहे. फीचा प्रश्न मात्र जिथल्या तिथेच.

आपल्याकडचं काय, असं वाचक विचारतील. भारतात महिला फुटबॉलची संघटना १९७५ साली उभी राहिली. १९७९-८० साली कालिकतला आणि १९८३ साली बँकॉकला आपल्या बायका आशियात उपविजेत्या होत्या. तेव्हा अमेरिकेचा राष्ट्रीय संघ जन्मालाही आला नव्हता. पुढे त्यांच्या शाळांत लाखो मुली आल्या, आपल्या शाळांत आल्या नाहीत. भुवनेश्वरचे आठ गोल त्यातून आले. २०२५ साली ५ जुलैला चियांग माईमध्ये संगीता बासफोरच्या दोन गोलांवर थायलंडला २-१ हरवून भारत आशिया चषकाला पात्र ठरला, पात्रता फेरीतून पहिल्यांदाच. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील मुलीही पात्र ठरल्या. आनंद झालाच. पण या मुली ज्या थोड्या गावांतून आणि राज्यांतून येतात, त्यांच्याबाहेरच्या शाळांत काय आहे?

ते मला वाचून कळण्याची गरज नव्हती. मी कोल्हापुरात वाढले. तालमींचे संघ, शाहू स्टेडियम, पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला अर्धं गाव लोटायचं. माझा मोठा भाऊ खेळायचा आणि त्याचे बूट मी पुसून द्यायची. पुढे शिक्षिका झाल्यावर खो-खो, लंगडी, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्स, सगळीकडे मुलींचे संघ केले. १९९६ सालची गोष्ट असेल, आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली. काटक, डाव्या पायाची. म्हणाली, “बाई, मला फुटबॉल खेळायचाय.” मी म्हटलं, “एकटी कुणाशी खेळणार? पळतेस चांगली, खो-खोत ये.” ती आली. जिल्ह्यापर्यंत खेळली. नववीनंतर दिसली नाही. मला कुणी अडवलं नव्हतं, मुख्याध्यापकांनी नाही की संस्थेनेही नाही. मुलींचा संघ काढण्याचा विचार माझ्याच मनात आला नाही.

या लेखासाठी गेल्या महिन्यात शाळेत जाऊन माझ्या वेळच्या क्रीडा विभागाच्या नोंदवह्या काढून घेतल्या. नव्या बाईंनी कपाट उघडून दिलं. १९८१ ते २०१५. दरवर्षी जूनमध्ये खेळांची यादी करायची आणि समोर दोन रकाने आखायचे, मुलगे आणि मुली. फुटबॉलच्या ओळीत मुलींच्या रकान्यात मी दरवर्षी एक आडवी रेघ मारलेली आहे. अक्षर माझंच. नव्या बाईंनी यंदाची वही दाखवली. त्याच ओळीत अकरा नावं होती, बदली खेळाडूसाठी बारावं अजून मिळालेलं नव्हतं. सराव सकाळी साडेसहाला असतो आणि मैदानाचा मोठा भाग मुलग्यांकडे असतो, असं त्या म्हणाल्या. मी सोमवारी जाऊन आले.